सध्या काय वाचताय?

साहित्याच्या व्यवहारात वावरणारी दोन माणसे भेटली की प्रकृतीची विचारपूस आटोपल्यावर पहिला प्रश्न येतो तो हा. उत्तर देताना आपण किंचित थांबतो. उशाशी असलेले पुस्तक आणि चारचौघांत सांगण्याजोगे पुस्तक ही दोन्ही नेहमी एकच असतात असे नाही, आणि त्या क्षणभरात आपण दुसऱ्याची निवड करून मोकळे होतो. मराठीचा अध्यापक म्हणून मी हे अनेक वर्षे केले आहे. आपण काय वाचतो हे सांगताना खोटेपणा केला तर नुकसान फार होत नाही. दुसऱ्याने काय वाचावे हे सांगताना मात्र ते होते, हे मला उशिरा कळले.

मी धसईला राहतो. मुरबाड तालुक्यातल्या या गावाचे नाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत झळकले होते. पुस्तकांची देवघेव आमच्याकडे त्याआधीपासूनच रोकडीवाचून चालत आली आहे. माझ्या घरातल्या दोन कपाटांतून विद्यार्थी पुस्तके नेतात आणि बहुतेक परतही आणतात. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला, तेव्हापासून त्या दिवशी भाषण करण्याचे काम ओघाने माझ्याकडे आले. भाषणात मी तीन-चार पुस्तकांची शिफारस करतो. त्यांत गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे ठरलेले. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरीबाई आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये जाऊन राहतात आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही गुलामगिऱ्यांच्या निद्रेतून त्यांना जागे करतात, असा त्या भाषणाचा चढता सूर असे. टाळ्याही नेमक्या तिथेच पडत.

शिफारस करण्याची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमानही होता. ज्याचे जगणे ज्या पुस्तकात आले आहे, त्याच्या हाती ते पुस्तक द्यायचे. ठाकरवाडीतून येणाऱ्या मुलाला 'जैत रे जैत', शेतकऱ्याच्या मुलीला 'झोंबी'. आपले जग छापील अक्षरांत भेटले की वाचक पुस्तकाशी कायमचा जोडला जातो, अशी माझी समजूत होती. ती सर्वस्वी चूक होती असे आजही म्हणणार नाही. पण त्या पद्धतीत मी वाचकाला काही विचारतच नव्हतो. त्याची वाडी कळली की माझी निवड झालेली असे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका भाषणानंतर प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी घरी आला. जवळच्याच कातकरवाडीतला. मी त्याला काही न विचारता गोदावरीबाईंचे पुस्तक काढून दिले. आठवड्याच्या आत तो ते परत घेऊन आला. "थोडं वाचलं सर," तो म्हणाला, आणि मग जरा चाचरत, "पुढं तुम्ही सांगितलंत तेच आहे ना?" मला ते आळसाचे लक्षण वाटले. तेवढ्यात खालच्या फळीवरच्या एका जाडजूड, वेष्टन फाटलेल्या पुस्तकाकडे त्याचे लक्ष गेले. 'पॅपिलॉन'. आंरी शारिएर या फ्रेंच कैद्याच्या आत्मकथेचा रवींद्र गुर्जर यांनी केलेला अनुवाद. "हे नेऊ?" मी म्हटले, "ने. पण ते आपले वेळ घालवायचे पुस्तक आहे."

हे म्हणताना एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली. विद्यार्थिदशेत ते पुस्तक मी दोन रात्रींत संपवले होते, आणि त्यानंतर 'काय वाचताय' या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे नाव एकदाही घेतले नव्हते.

दिवाळीनंतर तो वर्गात दिसेना. हजेरीपुस्तकात मी गैरहजेरी मांडत गेलो. आमच्या भागात याचे कारण कोणाला विचारावे लागत नाही. मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीमालकाकडून आधी घेतलेला बयाणा विटा पाडून फेडायचा असतो. वर्ष संपताना तो फिटतोच असे नाही. परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असते. पोरगा तेव्हा भिवंडीकडे मातीत उभा होता.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर तो पुस्तक घेऊन आला. पानांच्या कडा विटकरी झाल्या होत्या आणि मूळचे जाड पुस्तक आणखी फुगले होते. मी पुस्तकाची अवस्था पाहतो आहे हे ओळखून तो ओशाळला. मग म्हणाला, "रोज रात्री वाचलं सर. मोठ्यानं. सगळे ऐकायला बसायचे."

त्यानंतर त्याने मला त्या श्रोत्यांची मते सांगितली. १९३१ साली खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप झालेला, तो गुन्हा आपण केलाच नाही असे म्हणणारा आणि फ्रेंच गयानातल्या वसाहतीतून पुनःपुन्हा पळू पाहणारा हा माणूस भट्टीवरच्या झोपड्यांत सर्वांच्या ओळखीचा झाला होता. डेव्हिल्स आयलंडवरून नारळांनी भरलेल्या पोत्यांवर स्वार होऊन तो समुद्रात उडी टाकतो, त्या प्रसंगावर दोन रात्री वाद झाला. पोते तरंगेल हे सर्वांना मान्य होते. पण ते आवळायला दोर कशाचा, आणि खाऱ्या पाण्यात तो किती दिवस टिकेल, ही एका म्हाताऱ्याची शंका होती. त्याने आयुष्यभर मोळ्या बांधल्या होत्या. माझ्या वर्गात त्या प्रसंगावर कोणी इतके बारकाईने बोलले असते असे मला वाटत नाही.

मी माझी विद्वत्ता पुढे केली. शारिएरचे हे पुस्तक १९६९ मध्ये फ्रेंचमध्ये आले, तेव्हापासून त्याच्या खरेपणाबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत. त्यातले बरेच अनुभव त्याचे स्वतःचे नसून इतर कैद्यांकडून ऐकलेले असावेत, असे जाणकार सांगतात. हे ऐकून तो निराश होईल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "म्हणजे त्या बाकीच्यांचंपण पुस्तक झालं ना सर."

निघताना, जणू सहज, त्याने सांगितले की तो लहान असताना त्याचा बाप बयाणा फिटायच्या आत एका भट्टीवरून रातोरात बायकापोरांना घेऊन निघाला होता. रस्ता सोडून, नदीच्या कडेकडेने, चालत. "सर, ह्या पॅपिलॉनला जागं करायला कोणी आलं नाही. तो जागाच होता. फक्त कोंडलेला होता."

ते वाक्य कोणत्या पुस्तकाला उद्देशून होते हे कळायला मला वेळ लागला नाही. त्या रात्री मी गोदावरीबाईंचे पुस्तक पुन्हा उघडले, आणि इतकी वर्षे शीर्षकच नीट वाचले नव्हते हे प्रथम ध्यानात आले. 'जागा होतो' हे क्रियापद अकर्मक आहे. जागा करतो असे बाईंनी लिहिलेले नाही. जागे होण्याची क्रिया त्या माणसाचीच आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली, हे सांगताना कर्तेपण कोणाकडे आहे याचे भान लेखिकेने ठेवले आहे. ते भान माझ्या भाषणाला नव्हते. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथाचा सारांश मी एका प्रयोजक क्रियापदात केला होता, आणि ज्याने पुढे वाचायचे त्याला तो सारांश ऐकूनच पुस्तक मिटावेसे वाटले होते. त्याचे मत त्या पुस्तकावर नव्हतेच. ते माझ्या शिफारशीवर होते.

गंमत अशी की वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता मी दरवर्षी शिकवतो. आदिवासींचे दुःख दुसऱ्यांनी मंचावरून सांगावे आणि ज्यांचे ते दुःख त्यांनी खाली बसून ऐकावे, हा तिचा विषय. परीक्षेत तिच्यावर प्रश्नही काढतो. आणि दर १५ ऑक्टोबरला स्वतः मंचावर चढून नेमके तेच करत आलो.

'ललित'सारखे मासिक जानेवारी १९६४ पासून वाचकाला नव्या पुस्तकांची वार्ता देत आले आहे. तिथे वाचक अनोळखी असतो, त्यामुळे शिफारस करणाऱ्याला पुस्तकाविषयीच बोलावे लागते. आम्हा शिक्षकांसमोर चेहरा असतो, आणि चेहरा पाहिला की माणूस कळला असे आम्हाला वाटू लागते. मला वाटते, पुस्तक सुचवणाऱ्याचे अर्धे काम पुस्तक हाती देऊन संपते. उरलेले अर्धे म्हणजे परत आलेले मत ऐकून घेणे, विशेषतः ते आपल्याला नको असेल तेव्हा. आता मी भाषणात पुस्तकांचे सार सांगत नाही. मी कोणते पुस्तक वाचतो आहे आणि त्यात कुठे अडलो आहे एवढेच सांगतो. कपाटासमोर आलेल्याला आधी विचारतो, याआधीचे कोणते पुस्तक सोडवेना? बरीच मुले गप्प राहतात. काही जण 'पॅपिलॉन' मागतात. त्याची कीर्ती वाड्यांतून पसरली आहे.

तो विद्यार्थी राहिलेल्या परीक्षेला नंतर बसला, पुढच्या वर्गात गेला. मधली काही वर्षे गेली तशी गेली. गेल्या दिवाळीच्या आधी तो आला आणि आपणहून म्हणाला, "ते आधीचं पुस्तक द्या सर. बाकीचे विचारतात, आता काय वाचायचं." मी काही न बोलता 'जेव्हा माणूस जागा होतो' त्याच्या हाती दिले. सध्या ते पुस्तक भट्टीवर आहे. पावसाच्या तोंडाशी परत येईल. मत काय पडते ते तेव्हा कळेल.