ती कुस्ती विश्रांतीनंतर झाली असती तर?

शाळा सुटल्यावर सोलापुरांतील तालमींत आमचा हा वाद हटकून निघतो. १९४८ सालीं लंडनास गादीवरील कुस्तीचा सराव नसतांहि सहावे आलेले गोळेश्वरचे कै. खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस जपानच्या इशीशीं झुंजून हरले. नियमाची अर्ध्या तासाची विश्रांति न मिळतां त्यांस लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोवशीं लढावें लागलें, असें सांगतात. कांस्यपदक मिळालें.

परवां पडताळा पाहावा म्हणून आम्हीं लागोपाठ दोन कुस्त्या धरल्या. दुसरींत मनगटें थरथरूं लागलीं. रोजचा डावहि सुचेना. दम घेतां आला असता तर रौप्यपदक खाशाबांचेंच, अशी आमची खात्री झाली. सुवर्णाविषयीं मात्र छातीठोक बोलवत नाहीं. इशीहि कांहीं कच्चा नव्हता.

वस्ताद हंसून म्हणाले, “आतां तिसरी धरा पाहूं!”

आम्ही मातींतून उठलोंच नाहीं.