माणसं सोबत नेता येतील?

धाराशिव, २९ जून २०२५
सोयाबीनची पेरणी उरकून भाचा आला होता. २०२० साली आजच्याच तारखेला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली. बांधावर, गोठ्यात उभं राहून भाच्यासारख्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनी टिकटॉकवर जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. भाच्यानं दुसऱ्या ॲपवर पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. त्याला बघणाऱ्यांचा पत्ता कंपनीकडं होता, त्याच्याकडं नव्हता. हे मला अन्यायाचं वाटतं.

३० जून
मास्टोडॉन या समाजमाध्यमाविषयी वाचलं. २०१६ सालचं, जर्मनीतलं. मालक एक नाही. ज्याला जमेल त्यानं आपला सर्व्हर चालवायचा, सामाईक नियमांमुळं सगळे एकमेकांशी बोलू शकतात. सर्व्हर बदलला तर फॉलोअर बरोबर येतात. जुन्या पोस्ट मागं राहतात. पण सर्व्हर अचानक बंद पडला तर फॉलोअरही नेता येत नाहीत. भाच्याला हवं होतं ते यात बरंचसं आहे. कू हे ॲप देशी होतं, तरी एकाच कंपनीचं, आणि जुलै २०२४ मध्ये बंद झालं.

१ जुलै
राईनपाडा आठवल्याशिवाय हा दिवस जात नाही. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात जमावानं मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. उशिरा घातली, पण एका निर्णयात ती देशभर लागू झाली. मास्टोडॉनसारख्या, एक मालक नसलेल्या जाळ्यात असं कोण करणार? वाईट सर्व्हरशी संबंध तोडता येतो, हे खरं. पण त्याआधी तिथली मराठी कुणीतरी वाचलेली असली पाहिजे, आणि ‘पोरं धरणारे आलेत’ या तीन शब्दांत काय पेटू शकतं हे त्याला कळलं पाहिजे. हे काम इथलाच माणूस करू शकतो. म्हणूनच मला छोटे सर्व्हर हवेसे वाटतात.

४ जुलै
वाचनालयाच्या ग्रंथपालांशी बोललो. १९६७ च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं. सभासद आहेत, कार्यकारिणी आहे. जिल्ह्याचा सर्व्हर तिथंच का नसावा?
त्यांनी चष्मा काढला. “सर, रात्री अकराला अफवा आली तर बघायचं कुणी?”
मी म्हणालो, दोन माणसं पगारावर ठेवायची. सर्व्हरच्या भाड्याआधी त्यांचा पगार धरायचा.
त्यांनी आकडा विचारला. तो काढायला बसलोय.