वाकडं हेल्मेट

काही छंद असे असतात की लग्नाच्या बायोडेटात लिहायची सोय नसते. वाचन, ट्रेकिंग, फोटोग्राफी चालून जातं. 'पांढऱ्या प्लास्टिकचं चिलखत बनवणे' चालत नाही. सुदैवाने माझं लग्न आधीच झालेलं होतं :-)

तर मंडळी, गेली दोन वर्षं माझ्या शनिवार-रविवारचा मोठा भाग एका स्टॉर्मट्रूपरने खाल्लाय. ज्यांनी 'स्टार वॉर्स' पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७७ सालच्या पहिल्या सिनेमात साम्राज्याचे जे पांढरे शिपाई धडाधड बंदुका चालवतात आणि ज्यांचा नेम म्हणून लागत नाही, ते स्टॉर्मट्रूपर. आत काळा पोशाख, वरून पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे, डोक्यावर कवटीसारखं हेल्मेट. एक जण दारातून आत येताना डोकं आपटतो, तो शॉट सिनेमात तसाच राहिला. २००४ साली डीव्हीडी आली तेव्हा त्यावर मुद्दाम 'ठक्' असा आवाजही टाकला. आमच्या क्षेत्रात म्हणतात ना, 'बग नाही, फीचर आहे', त्यातलाच प्रकार.

हे चिलखत घरी बनवणारे लोक जगभर आहेत. १९९७ साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन आणि टॉम क्रूज (दचकू नका, हे वेगळे) यांनी अशा लोकांचा एक क्लब काढला, '५०१ लीजन'. ही मंडळी पोशाख घालून हॉस्पिटलात मुलांना भेटतात, चांगल्या कामासाठी पैसे गोळा करतात. सभासद व्हायचं तर पोशाख स्वतःचा हवा आणि तो त्यांच्या नियमावलीत बसायला हवा. ही नियमावली म्हणजे एक खरंखुरं स्पेसिफिकेशन डॉक्युमेंट आहे. गुडघ्याची चौकटीवाली पट्टी डाव्याच पायावर. भिंग कुठल्या छटेचं, कानाच्या तुकड्याला स्क्रू कुठे, पाठीमागच्या नळीला क्लिपा कशा, सगळं लिहिलेलं. पातळ्या तीन. पहिलीत पोरं-टोरं पास होतात. तिसरीचं नाव 'सेंच्युरियन', तिथे मात्र रिव्हेट न् रिव्हेट बघतात.

आणि खरी गंमत इथे आहे. हे एवढं काटेकोर स्पेसिफिकेशन ज्या मूळ वस्तूवरून लिहिलंय, ती मूळ वस्तूच वाकडी आहे.

झालं होतं असं की १९७६ साली शूटिंग तोंडावर आलेलं, पैसे मोजके. राल्फ मॅक्क्वॉरीची चित्रं तयार होती. त्यावरून निक पेम्बर्टनने हेल्मेटचा मातीचा नमुना केला, अंगावरच्या चिलखताचं शिल्प ब्रायन म्यूरने केलं, आणि अँड्र्यू एन्सवर्थ नावाच्या माणसाने आपल्या वर्कशॉपमध्ये प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढून हेल्मेटं काढली. पन्नास हेल्मेटं. चेहरा वेगळा, मागची टोपी वेगळी, दोन्ही जोडायचे आणि सांधा दिसू नये म्हणून वर कान बसवायचे. गालावरच्या निळ्या रेघा हाताने ओढलेल्या, त्यामुळे एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. दोन्ही गाल सारखे नाहीत. पडद्यावर दोन सेकंद दिसणाऱ्या वस्तूचे दात पन्नास वर्षांनी कोणी फ्रेम थांबवून मोजेल, असं त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

आता आम्ही काय करतो? तो वाकडेपणा जसाच्या तसा उतरवतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार नवा नाही. एक्सेल उघडा आणि २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख टाका, ते निमूट मान्य करतं. वास्तविक १९०० हे लीप वर्ष नव्हतंच. पण त्या काळच्या लोटस १-२-३ मध्ये ही चूक होती, आणि तिथल्या फाइली इकडे नीट उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही सोबत उचलली. याला आम्ही 'बग-कम्पॅटिबल' म्हणतो. स्क्रीन-अ‍ॅक्युरेट चिलखत म्हणजे दुसरं काही नाही.

असो. आता वऱ्हाडात या.

इथे पहिला प्रश्न उन्हाचा. हल्ली बरेच जण थ्रीडी प्रिंटरवर हेल्मेट छापतात आणि त्यासाठी सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. युरोपात ठीक आहे. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ६० म्हणजे किस झाड की पत्ती. सकाळी स्टॉर्मट्रूपर ठेवला तर दुपारी आमरसातली कुरडई मिळेल. म्हणून एबीएसची शीट. ती शंभरच्या आसपास मऊ व्हायला लागते, आणि चिलखत ओढायला आजही बरेच शौकीन तीच वापरतात.

माझा प्रिंटर अमरावतीच्या घरी. हेल्मेट तुकड्या-तुकड्यांत छापलं, जोडलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला. पण हा नुसता नमुना. त्याच्यावर गरम एबीएस ओढलं तर आतला पीएलए बसेल. म्हणून गावातल्या एका मूर्तिकाराकडून त्यावर गणपतीला करतात तसा रबराचा साचा करून घेतला आणि साच्यात पीओपी ओतून भरीव ठोकळा काढला. मूर्तिकारभाऊंनी नमुना दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "दादा, याची सोंड राह्यली काय?"

पुढचं काम अकोल्याला, बाबांच्या शेडमध्ये. बाबा आयुष्यभर डेंटर-पेंटर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण शेड आहे, हत्यारं आहेत, आणि वास तोच आहे. तिथे आम्ही व्हॅक्यूम टेबल बनवलं. लाकडी खोकं, वर भोकं पाडलेला पत्रा, खालून घरचा व्हॅक्यूम क्लीनर. शीट तापवायला पत्र्याच्या पेटीत शेगडीच्या कॉइली ('मे मईन्यात कॉइलीची काय गरज हाय, वर नुस्ती शीट ठेव' इति बाबा). चौकटीत आवळलेली शीट तापली की मधोमध पोट सुटल्यासारखी लोंबायला लागते. ती वेळ साधायची. मग चौकट उचलून ठोकळ्यावर दाबायची, त्याच क्षणी व्हॅक्यूम चालू, आणि दोन-तीन सेकंदांत त्या पांढऱ्या चादरीतून एक चेहरा वर येतो. कितीही वेळा केलं तरी अंगावर काटा येतो.

अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. हा रस्ता पूर्वी काय होता ते इकडच्या लोकांना सांगायला नको. मग जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबर साडेचौदा तास कमी पाच दिवस... थांबा, नीट सांगतो: १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड केला. आता शनिवारी सकाळी निघून जेवायला अकोल्याला पोचता येतं. पीओपीचा ठोकळा शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट लावून.

तर तो ठोकळा बाबांकडे सोडून मी परत आलो. पुढच्या शनिवारी गेलो तर त्याचे दोन्ही गाल एकसारखे झालेले!

"बाबा, हे काय केलं?"

"वाकडं होतं थे. एक गाल फुगेल, एक बसेल. पुट्टी मारून सरळ करून देल्लं."

"अहो, मूळचंच तसं आहे ते."

"मूळचं कोनं केलं?"

"इंग्लंडमध्ये केलं."

"मंग इंग्लंडात डेंटर नव्हता काय?"

यावर काय बोलणार? हा माणूस चाळीस वर्षं ठोकलेल्या गाड्या सरळ करत आला. डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायचा आणि खड्डा कुठे आहे ते खडूने दाखवायचा. त्याला मी सांगतोय की वाकडं तेच बरोबर.

शेवटी टीव्हीवर सिनेमा लावला. गोष्ट त्यांना काही कळली नाही, कळून घ्यायचीही नव्हती. मी फ्रेम थांबवत गेलो. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. बंदूक दिसली तेव्हा म्हणाले, "हे तं पोलिसायची कार्बाईन." बरोबर ओळखली! सिनेमातली ती भविष्यकाळातली बंदूक म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाईनला चार पट्ट्या चिकटवून केलेली, आणि तीच स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात बनत होती. मग हेल्मेटांकडे वळले. एकाची भुवईची रबरी पट्टी वर, दुसऱ्याची खाली. एकाच्या रेघा जाड, एकाच्या बारीक. बराच वेळ गप्प बसून म्हणाले,

"घाईत होता हा मानूस. काम येते त्याले, पन सकाळी गाडी न्याले मालक डोक्शावर बसेल असन."

पन्नास हेल्मेटं आणि तोंडावर आलेलं शूटिंग. एका वाक्यात प्रॉडक्शन शेड्यूल वाचलं त्यांनी.

मग मी त्यांना खटल्याची गोष्ट सांगितली. एन्सवर्थने २००४ पासून आपल्या जुन्या साच्यांवरून हेल्मेटं काढून विकायला सुरुवात केली. ल्युकासफिल्मने दावा लावला. प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जुलै २०११ मध्ये निकाल लागला: हे हेल्मेट म्हणजे 'शिल्प' नव्हे. कलाकृती तो सिनेमा, हेल्मेट ही तो सिनेमा बनवायला लागलेली कामाची वस्तू. म्हणून त्यावर शिल्पासारखा दीर्घ कॉपीराइट नाही, आणि एन्सवर्थला ब्रिटनमध्ये विक्री करायला आडकाठी नाही. अमेरिकेतल्या विक्रीबाबत मात्र निकाल ल्युकासच्या बाजूचा.

"म्हंजे जितला का नाही तो?"

"तिकडे घरी जितला. अमेरिकेत हारला."

"घरी जितला न, मंग झालं." थोड्या वेळाने, "पन शिल्प नाही म्हन्ते. कामाची वस्तू म्हन्ते." आणि उठून शेडमध्ये गेले. चहा घेऊन मी मागे गेलो तर पटाशीने स्वतःचीच पुट्टी खरवडून काढत होते. गाल पुन्हा वाकडा झाला. मी फोटो पुढे धरत होतो, पण त्यांनी फार वेळा पाहिला नाही.

राहता राहिल्या निळ्या रेघा. नियमावलीच्या वरच्या पातळीला त्या हाताने रंगवलेल्याच लागतात, स्टिकर चालत नाही. आणि बाबा म्हणजे एकेकाळी बुलेटच्या टाकीवर टेप न लावता सोनेरी रेघ ओढणारा माणूस. लोक त्या रेघेसाठी मूर्तिजापूरहून गाडी घेऊन यायचे.

पहिला गाल त्यांनी रंगवला. रेघा किंचित हललेल्या, एक जाड एक बारीक, मधलं अंतर कमी-जास्त. मी मोबाइलवरची फ्रेम शेजारी धरली. हुबेहूब! इतकं तंतोतंत मला वर्षभर सराव करून जमलं नसतं.

"बाबा, एकदम बरोबर आलंय!"

"बरोबर काय आलं?" ब्रश डबीवर ठेवत ते म्हणाले. "हात कापून रायला माहा."

शेडमध्ये कूलरचा तेवढा आवाज. त्या पन्नास हेल्मेटांवरची थरथर घाईची होती. ही घाईची नव्हती. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या.

त्यांनी फडक्याला टर्पेंटाईन लावून सगळ्या रेघा पुसल्या. कोपराखाली दोन विटा घेतल्या, वर दुमडलेलं पोतं. ब्रश भरला, डबीच्या काठाला निपटला, श्वास रोखला आणि एका झटक्यात एक रेघ. मग थांबले. मग दुसरी. प्रत्येक रेघेनंतर हात मांडीवर ठेवून जरा दम घ्यायचे. एवढ्याशा गालाला अर्धा तास गेला असेल. पण रेघा आल्या त्या अशा की पट्टी लावून बघा. सरळ, सारख्या, टोकं छाटल्यासारखी. १९७६ साली कोणत्याही हेल्मेटवर इतक्या सरळ नव्हत्या.

दुसरा गालही त्यांनी तसाच केला.

आता सेंच्युरियनसाठी फोटो पाठवायचे तर या रेघा काढून पुन्हा वाकड्या कराव्या लागतील. काम दहा मिनिटांचं आहे, टर्पेंटाईनची बाटली शेडमध्येच आहे. मी पहिल्या पातळीचेच फोटो पाठवणार. तिथे या रेघा चालून जाव्यात, आणि नाही चालल्या तरी राहतील त्या तशाच. एन्सवर्थच्या हाताची घाई गालावर आहे, बाबांचा हात त्याच्यावर आहे. दोघांपैकी कोणाचाही बग फिक्स करायची माझी इच्छा नाही.

हेल्मेटात बसवायचा छोटा पंखा घेऊन ठेवलाय (वऱ्हाडात कंपल्सरी). पांढरे बूट अकोल्याच्या एका चांभारकाकांकडे रंगायला दिलेत, ते रोज विचारतात की नवरदेव कोण आहे. छातीचा आणि पाठीचा भाग अजून ओढायचाय. बाबांनी निरोप धाडलाय की छातीचा ठोकळाही वाकडा आहे, पण त्यांनी हात लावलेला नाही, मी येऊन बघावं.

शनिवारी निघतो.