वंगण आधी लावलं, तिथेच चुकलं

शिशाची गोळी सहजासहजी मरत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६०च्या दशकात झाडलेल्या मिनिए गोळ्या व्हर्जिनियातल्या जमिनीत अजून सापडतात. अंगावर पांढरट थर चढलेला असतो, पण आकार तोच. टिकत नाही ते गोळीवर लावलेलं वंगण. एवढी साधी गोष्ट समजायला मला फार शिसं वाया घालवावं लागलं.

वाया म्हणजे पुन्हा वितळवावं लागलं. ओतीव गोळ्यांच्या छंदात एवढी एक सोय असते.

मी खडकीत वाढलो. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, घरापासून जवळच. पण काडतूस पहिल्यांदा हातात घेतलं ते नोकरीनिमित्त ह्यूस्टनजवळ राहायला आल्यावर. भारतात परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा गुन्हा आहे. टेक्ससमध्ये तो पेन्शनरांचा विरंगुळा आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, तिच्यात ठिणगी देणारा नवा प्रायमर आणि मोजून दारू भरायची, वर गोळी बसवायची. ज्याला त्यातही पैसे वाचवायचे असतात किंवा माझ्यासारखी खाज असते, तो गोळीही घरीच ओततो. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात थोडं कथील आणि अँटिमनी असलं की गोळी कडक होते. मी टायरवाल्यांकडची जुनी बॅलन्सिंगची वजनं वापरायचो. साच्यातून निघालेली गोळी डायमधून दाबून नेमक्या मापाची करायची आणि तिच्या अंगावरच्या खाचांत मेणाचं वंगण भरायचं. वंगण नसेल तर नळीत शिशाचा लेप बसतो आणि तो खरवडण्यात सुट्टीचा दिवस जातो.

ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये शिशाच्या भांड्यापुढे उभं राहणं अशक्य. म्हणून ओतकाम डिसेंबर-जानेवारीत. आई उन्हाळ्यात वर्षाचे पापड-कुरडया करून डबे भरायची, तसे मी थंडीत वर्षाच्या गोळ्यांचे डबे भरायचो: ओतलेल्या, मापात आणलेल्या, वंगण भरलेल्या. शनिवारी मनात आलं की डबा उघडायचा आणि काडतुसं भरायला बसायचं, असा बेत. कपाटातले भरलेले डबे पाहून मिळणारं समाधान मी अजून विसरलेलो नाही, आणि त्याच समाधानाने माझा घात केला.

वंगणाची एक जुनी, सिद्ध कृती आहे. नॅशनल रायफल असोसिएशनच्या ई. एच. हॅरिसन यांनी ती रूढ केली: निम्मं मधमाशांचं मेण, निम्मं अ‍ॅलॉक्स २१३८एफ हे कारखानी वंगणद्रव्य. ती जशीच्या तशी वापरली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण थंडीत ते मिश्रण माझ्या वंगण भरायच्या हातदाब्यातून नीट सरकेना, म्हणून मी त्यात व्हॅसलीन घातलं. मग आणखी घातलं. जानेवारीत ते लोण्यासारखं सरकायला लागलं आणि मला वाटलं, हॅरिसनसाहेबांच्या पुढे गेलो! शुद्ध मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. व्हॅसलीनने तो बिंदू किती खाली आणला, ते मी कधी मोजलं नाही. ज्या गॅरेजच्या माळ्यावर डबे ठेवले होते, त्या माळ्याचं जुलैमधलं तापमानही मोजलं नाही. इंजिनिअर माणूस, भिंतीवर थर्मामीटर टांगलेला, आणि तो खाली, सावलीत.

उन्हाळ्यात डबे उघडले तेव्हा खाचा रिकाम्या होत्या आणि गोळ्या तपकिरी चिखलात पडल्या होत्या.

इतिहासाची आवड असूनही मला हे आधी सुचू नये, याचं आजही नवल वाटतं. १८५७ची काडतुसं आपण शाळेत शिकतो ती गाई-डुकराच्या चरबीपुरती. पण त्या एन्फील्ड काडतुसाच्या वंगणात धर्माखेरीज साठवणुकीचाही दोष होता. चरबीचा भाग मोठा आणि मेण अगदी थोडं, असं ते मिश्रण. हिंदुस्थानातल्या उष्णतेत ते पातळ होऊन कागदात झिरपायचं. शिवाय चरबीतली आम्लं शिशाला खात, गोळीवर पुटं चढत आणि ती नळीत जाताना अडे. पुढे ब्रिटिशांनी चरबी सोडून मेणावर भिस्त ठेवली आणि गोळीचा व्यासही कमी केला. म्हणजे मऊ वंगण गरम मुलखात साठवू नये, हा धडा आमच्याच देशात दीडशे वर्षांपूर्वी गिरवून झाला होता, आणि मी तो टेक्ससमध्ये नव्याने गिरवत होतो.

इथपर्यंत नुकसान शिशाचं आणि वेळेचं होतं. खरी चूक पुढची. त्या डब्यांत ‘.३८ स्पेशल’साठीच्या, तळाशी पोकळी असलेल्या, सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळ्या होत्या. बाहेरचं वंगण मी चिंधीने पुसून घेतलं, खाचांत नवं भरलं आणि काडतुसं तयार केली. तळाच्या पोकळीत वितळलेलं वंगण शिरून तिथेच थिजलं होतं. ते दिसत होतं; मी त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण ‘थोडं मेणच तर आहे’. या काडतुसात दारू मुळातच थोडी असते. तिच्यावर मेणाचा गोळा गळून पडला किंवा ती तेलकट झाली, तर ती पुरती पेटत नाही.

रेंजवर रिव्हॉल्व्हरचा नेहमीचा आवाज आला नाही, नुसतं ‘फुस्स’ झालं. लक्ष्याच्या कागदावर नवं भोक नव्हतं. मला वाटलं, नेम चुकला. माझं बोट पुन्हा चापावर गेलं होतं. शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी ओरडून मला थांबवलं. ते पुढे आले, चक्र उघडायला लावलं आणि साफसफाईची कांडी नळीत घातली. कांडी मध्येच अडली. गोळी नळीतच बसली होती. दुसरी झाडली असती तर नळी फुगली असती किंवा फाटली असती; माझ्या हाताचं आणि डोळ्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको. गृहस्थांनी एक शब्दही सुनावला नाही. मात्र डब्यातली उरलेली सगळी काडतुसं माझ्याकडून सुटी करून घेतली, एकेक, त्यांच्यासमोर.

एवढ्यावर शहाणपण यावं की नाही? थोडंच आलं. डबे माळ्यावरून घरात आले. मग मी त्यातले काही फ्रीजमध्ये ठेवले. “अहो, हे काय कोथिंबिरीशेजारी?” या बायकोच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिसं आणि अन्न एका कपाटात ठेवायचं नसतं, हे मला तिच्याकडून ऐकावं लागलं. मग डबे अभ्यासिकेत, एका जुन्या ओक लाकडाच्या खणात गेले. तिथे थंड होतं, कोरडं होतं, अंधार होता. या वेळी काही गोळ्या वंगणाशिवाय, उघड्याच ठेवल्या होत्या. वर्षभराने त्यांच्यावर पांढरी भुकटी आली होती.

ओकच्या लाकडातून असेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. तिने आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने शिशाचा सफेदा होतो. जुने रंगवाले मुद्दाम शिसं व्हिनेगर आणि लिदीच्या सान्निध्यात ठेवून हाच सफेदा तयार करत. संग्रहालयवाले शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवत नाहीत, ते यामुळेच. मी काय केलं? गोळी तोंडाजवळ धरून भुकटी फुंकून उडवली. सफेदा विषारी, धूळ बारीक, आणि त्याच खोलीत नात रांगायला येणार होती. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी प्रतिडेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. तेवढ्यासाठी फार धूळ लागत नाही. नात येण्याआधी खोली ओल्या फडक्याने पुसली, गालिचा टाकून दिला. तो खर्च बायकोने बिनबोभाट मंजूर केला, त्याचीच जास्त लाज वाटली.

डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचं तर सांगण्यासारखं फारसं नाही: लावल्याच नव्हत्या, आणि गोळ्या दोन मापांच्या. ‘.३८’साठी ‘.३५८’ इंचाची गोळी, नऊ मिलिमीटरसाठी ‘.३५६’ची. दोन सहस्रांश इंचाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, नळीला मात्र लगेच कळतो.

आता सल्ला देणारे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वंगण भरूनच ठेवा, मेणाचा थर शिशाचं हवेपासून रक्षण करतो. दुसरा म्हणतो, कोरड्याच ठेवा. पहिल्याचं म्हणणं खोटं नाही. कडक वंगण, थंड घर आणि झाकणाचा डबा असेल तर अशा गोळ्या वर्षानुवर्षं चांगल्या राहतात. पण माझ्या हवामानात, माझ्या धांदरटपणासकट, मी दुसऱ्या पक्षात गेलो. गोळ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, ओक आणि पुठ्ठ्यापासून लांब. डब्यात भसाभस टाकू नयेत, रचून ठेवाव्यात. तळाची कड ठेचली तर गोळी सरळ जात नाही. डब्यावर साचा, मिश्रधातू, व्यास आणि तारीख. वंगण त्या महिन्यात लागेल तेवढ्यालाच. हल्ली बरेच जण वंगण सोडून गोळ्यांवर पावडर कोटिंग करतात आणि या सगळ्या कटकटीतून सुटतात. ते अधिक शहाणे आहेत. मला मेणाचा वास आवडतो, एवढंच माझं समर्थन.

तुमच्याकडे गेल्या थंडीतले वंगण भरलेले डबे असतील, तर काडतुसं भरण्याआधी हातमोजे घालून गोळ्यांचे तळ एकदा उजेडात पाहा. तळाला मेण दिसलं तर ते पुसत बसू नका. गोळी परत भांड्यात टाका. आणि ‘फुस्स’ आवाज आला तर बोट चापावरून काढा.