तिसरं पुस्तक

खर्डी मागे पडलं की कसारा लोकलचा डबा जवळजवळ रिकामा होतो. उंबरमाळीला उतरणारे आम्ही चार-पाचच. गाडी निघून गेली की आधी शांतता जाणवते, मग समोरचे डोंगर. या मे महिन्यात एका दुपारी त्याच फलाटावर बसून मी सुझान कॉलिन्सचं 'मॉकिंगजे' वाचून संपवलं. 'हंगर गेम्स' या कादंबरीत्रयीतला हा शेवटचा भाग, २०१० साली आलेला. पुस्तक भाचीचं. पहिले दोन भाग तिनं मोठ्या उत्साहानं हातात ठेवले होते. तिसरा देताना मात्र म्हणाली, "मामा, हे तुला नाही आवडणार. यात कुणीच जिंकत नाही."

पॅनेम नावाचा देश. मधोमध झगमगती राजधानी, कॅपिटॉल. तिच्यासाठी कोळसा खणणारे, धान्य पिकवणारे, कापड विणणारे जिल्हे भोवताली. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्यानं दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची, आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर एकमेकांना मारायचं. कॅटनिस ही बाराव्या जिल्ह्यातली, खाणकामगाराची मुलगी. बाप खाणीत गेला तेव्हापासून जंगलात शिकार करून आई आणि धाकट्या बहिणीला जगवणारी. पहिले दोन भाग त्या जीवघेण्या खेळांचे आहेत. तिसऱ्यात प्रत्यक्ष बंड पेटतं, आणि कॅटनिस पहिल्या पानावर भेटते ती आपल्या जळून गेलेल्या घराच्या राखेत उभी असलेली.

हा देश समजायला आम्हाला शहापूर तालुक्यात फार कल्पना लढवावी लागत नाही. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. मग वैतरणा आली, भातसा आलं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा आज एकटं भातसा उचलतं. आणि मे उजाडला की इथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. टँकर येतो, जाड पाइप कोरड्या विहिरीत सोडतो, तळाचा गाळ ढवळून निघतो. बायका काठावर उभ्या असतात. पाणी निवळायची वाट बघायला सवड नसते. दोर सोडायचा, पोहरा ओढायचा, हंड्याच्या तोंडावर साडीचा पदर धरून गाळायचं. पदरावर तांबूस चिखलाचा गोल उमटतो. तो झटकायचा आणि पुन्हा धरायचा. मी हे लहानपणापासून बघत आलोय आणि अजूनही मला ते बघवत नाही.

म्हणून पहिल्या दोन भागांत मी कॅटनिसच्या बाजूनं अगदी तावातावानं वाचत होतो. तिसऱ्या भागानं मला थांबवलं. कॅटनिसचा जंगलातला सोबती गेल. फासे लावण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. जनावर कुठून येतं, पिल्लासाठी कुठे धावतं, हे त्याला नेमकं ठाऊक. बंडात हीच विद्या बॉम्बच्या आराखड्यात उतरते: पहिला स्फोट होऊ द्यायचा, जखमींना उचलायला माणसं धावली की दुसरा करायचा. पुढे राजधानीत मुलांच्या घोळक्यावर तसेच बॉम्ब पडतात, मदतीला धावलेल्यांत कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम असते, आणि ती त्यात जाते. जिच्यासाठी कॅटनिसनं सगळं अंगावर घेतलं, तीच. तो बॉम्ब नक्की कुणाचा, याचं धड उत्तर तिला कधीच मिळत नाही. आमच्याकडे ठाकूर-कातकऱ्यांची पोरं सशाला फासे लावतात. चुलीवर काहीतरी शिजावं म्हणून शिकलेली विद्या. ते पान उलटायला मला वेळ लागला.

शेवटी जुन्या अध्यक्षाला, स्नोला, बाण मारायचा मान कॅटनिसला मिळतो. पण बंडाची पुढारी कॉइन आता सत्तेवर बसलेली असते आणि राजधानीच्या मुलांना घेऊन तोच खेळ पुन्हा एकदा खेळवू म्हणत असते. कॅटनिस धनुष्य वर उचलते आणि बाण कॉइनला मारते. पुष्कळ वाचकांना हा शेवट रुचत नाही. मला तिन्ही पुस्तकांत हेच सर्वांत खरं वाटलं.

वाचता वाचता मला मुरबाडचा सिद्धगड आठवत होता. माथेरानचे भाई कोतवाल गरीब नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. पोलीस मागावर लागले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात गोळीबार झाला आणि कोतवाल व हिराजी पाटील तिथेच पडले. कोतवालांना तेव्हा नुकतंच तिसावं सरलं होतं. मनोऱ्यांची गोष्ट थरारक आहे, ती सगळे सांगतात. मला त्याआधीचं काम जास्त मोठं वाटतं. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि टंचाईत सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या. बंड जिंकल्यावर करायचं ते काम या माणसानं बंडाआधीच हाती घेतलं होतं. कॉइनच्या हातून असं काही झालेलं मला त्या पुस्तकात सापडलं नाही.

कॅटनिस शेवटी त्याच जळक्या गावात परतते. दिवसचे दिवस उठत नाही, बोलत नाही. मग एका सकाळी बाहेर खणण्याचा आवाज येतो. तिच्याबरोबर त्या खेळांतून वाचलेला पीटा रानातून प्रिमरोजची झुडपं उपटून घेऊन आलेला असतो, घराच्या कडेला लावायला. बहिणीचं नाव त्याच फुलावरून ठेवलेलं. पुढे दोघं मिळून एक वही भरतात. गेलेल्या प्रत्येकाचं त्यात काहीतरी लिहून ठेवतात, विसरणं हा गुन्हा ठरेल अशा बारीकसारीक गोष्टी.

पुस्तक परत करताना मी भाचीला सांगितलं, मला हाच भाग सर्वांत आवडला. आणि तिला सिद्धगडाला न्यायचं कबूल केलं. दरवर्षी २ जानेवारीला सूर्य उगवायच्या वेळी तिथे माणसं जमतात आणि त्या दोघांना मानवंदना देतात. मुरबाडहून म्हसामार्गे जाता येतं. थंडी कडाक्याची असते, अंगावर काहीतरी घ्या, पण या.