तिरपं ऊन

कोजागरीला दूध आटवत बसलेल्या मंडळींसमोर मी हे बोलत नाही, पण चंद्रावरची विवरं पाहायला पौर्णिमेइतकी कुचकामी रात्र नाही. ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर दुर्बीण लावावी. एकेक कड कशी उठून दिसते!

पहिलं विवर मात्र मी जमिनीवरच पाहिलं. आमचं गाव मेहकरकडचं, त्यामुळे शाळेची सहल लोणारला ठरलेली. दैत्यसूदनाच्या देवळात लवणासुराची गोष्ट, काठावर गुरुजींची उल्केची. मला दोन्ही पटायच्या. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा, तळाशी खारं पाणी, उतारावर झाडी. हे विवर चंद्रावर असतो तशा काळ्या पाषाणात झालंय, म्हणून चंद्राचे अभ्यासक इथे येतात, हे पुष्कळ पुढे वाचलं.

पुण्यात शिकताना रद्दीतल्या एका मासिकात चंद्रावरचं कोपर्निकस हाती लागलं. नोव्हेंबर १९६६ मध्ये लूनार ऑर्बिटर-२ या यानानं ९३ किलोमीटर रुंदीचं हे विवर थेट वरून नव्हे, तिरकस टिपलं होतं. मधोमध डोंगर, मागे पायऱ्यापायऱ्यांनी खचलेली भिंत, आणि वर चक्क क्षितिज. फिल्म यानातच धुतलेली, मग पट्ट्यापट्ट्यांनी पृथ्वीवर धाडलेली. त्यांचे सांधे फोटोत दिसतात. मला ते आजच्या गुळगुळीत फोटोंपेक्षा आवडतात.

आजचे फोटो अर्थात थक्क करणारे आहेत. चांद्रयान-२ चा कॅमेरा शंभर किलोमीटरवरून हातभर दगड टिपतो. भाचीला मी विवराचा असा एक फोटो मोबाइल उलटा धरून दाखवला. खळग्याचं टेकाड झालं! ऊन वरूनच येतं हे मेंदूनं गृहीत धरलेलं असतं. तिनं मोबाइल हिसकावून घेतला आणि बराच वेळ नुसता गोल फिरवत बसली.

मग १७ मार्च २०१३. चंद्रावरच्या मेअर इम्ब्रियम या मैदानावर लख्ख उजेड चमकला, तो पृथ्वीवरच्या दुर्बिणीनं टिपला. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. मी बहुधा मंडईत भाजी निवडत असेन. पुढे लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंत तिथे १८ मीटरचं कोरं विवर सापडलं. असे फोटो ताडताना दोन्हींतलं ऊन होता होईल तो एकाच कोनातलं लागतं, नाहीतर हललेल्या सावल्याच नवं विवर म्हणून चकवतात.