नाव मायएसक्यूएल, माल मारियाचा!

दुकानात जाऊन तुम्ही 'कोलगेट द्या' म्हणालात आणि दुकानदाराने भलत्याच कंपनीची टूथपेस्ट हातावर ठेवली, तर भांडाल? बहुतेक नाही. दात घासल्याशी मतलब! पण समजा, ही पेस्ट एकदा वापरली की पुन्हा जुनीकडे सहजासहजी परतता येणार नाही, अशी अट असली तर? मग मात्र आपण दुकानदाराला चार प्रश्न नक्की विचारू.

कॉम्प्युटरच्या दुनियेत हे खरोखर घडलंय. आणि मला ते कळलं ते कुठल्या आयटी पार्कात नाही, तर कुरुळीत. पुणे-नाशिक हायवेवर मोशी मागे टाकून चाकणकडे निघालं की लागणारं हे गाव. माझा मावसभाऊ तिथल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत 'सिस्टीम' बघतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. कंपनीत सर्व्हरपासून अडकलेल्या प्रिंटरपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात.

आधी थोडा इतिहास, कंटाळा येणार नाही एवढाच. 1995 मध्ये स्वीडनमध्ये मायएसक्यूएल नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर जन्माला आलं. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. तुमचं सकाळचं पंचिंग, तिकिटाचं बुकिंग, दुकानाचा स्टॉक, सगळं अशाच कपाटांत असतं. ते बनवणाऱ्यांपैकी एक मॉन्टी विडेनियस. त्याने थोरल्या मुलीचं नाव सॉफ्टवेअरला दिलं, माय. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे 100 कोटी डॉलरला घेतली आणि जानेवारी 2010 मध्ये अख्खी सनच ओरॅकलच्या घरात गेली. आता ओरॅकलचा मूळ धंदाच डेटाबेस विकण्याचा! लोकांच्या पोटात गोळा आला. मॉन्टीने 2009 मध्येच मायएसक्यूएलच्या कोडवरून वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारियाडीबी. कोड घ्यायला लायसन्सची परवानगी होती. नाव मात्र घेता येत नव्हतं, ते आधी सनच्या आणि मग ओरॅकलच्या मालकीचं.

म्हणजे बहिणी-बहिणींची जोडी, चेहरा सारखा, सासर वेगळं. मग आपल्या घरात कुठली येणार, हे ठरवलं कोणी?

ठरवलं पॅकेज बांधणाऱ्यांनी. लिनक्स फुकट मिळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातली हजारो सॉफ्टवेअर्स गोळा करून, तपासून, एकमेकांशी जुळवून देणारी माणसं आपल्याला दिसत नाहीत. फेडोरा, डेबियन, उबुंटू, रेड हॅट ही अशा जुळवलेल्या संचांची नावं. ही मंडळी काही परग्रहावरची नाहीत. रेड हॅटचं मोठं ऑफिस पुण्यात आहे आणि नोव्हेंबर 2011 मध्ये फेडोरावाल्यांचं संमेलन आपल्या सीओईपीतच भरलं होतं.

दादाने मला हे कारखान्याच्या भाषेत सांगितलं. ''अगं, आमच्याकडे एका बोल्टचे दोन सप्लायर असतात. एकाचा माल अडकला तर लाइन बंद पडू नये म्हणून. पण भोक एकच असतं ना! एका वेळी एकच बोल्ट बसणार. कुठला बसवायचा, लेबल काय लावायचं, ते स्टोअरवाला बघतो. पॅकेजवाला म्हणजे लिनक्सचा स्टोअरवाला.''

भोक एकच, हे अगदी शब्दशः खरं. दोन्ही सॉफ्टवेअर्स एकाच नावाच्या फायली, एकच फोल्डर आणि 3306 हाच पोर्ट वापरतात. त्यात 2012 च्या सुमारास ओरॅकलने सिक्युरिटी दुरुस्त्यांचा तपशील आणि टेस्ट केसेस उघडपणे देणं कमी केलं. तपासायलाच मिळालं नाही तर स्टोअरवाला माल पास कसा करणार? 2013 मध्ये ओपनसुसे आणि फेडोरा 19, 2014 मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 7, सगळीकडे मारियाला पुढची खुर्ची मिळाली. फेडोराने मायएसक्यूएलला हाकललं नाही, पण तिच्या डब्यावर 'कम्युनिटी-मायएसक्यूएल' असं नवं लेबल चिकटवलं. उबुंटूने मात्र मायएसक्यूएललाच मुख्य कपाटात ठेवलं.

2017 मध्ये आलेल्या डेबियन 9 ने तर जुनं मायएसक्यूएल असलेल्यांना अपग्रेडमध्ये थेट मारियाडीबी दिलं. सोबत स्पष्ट इशाराही दिला: डेटाच्या फायली बदलतील, आधी बॅकअप घ्या, त्याशिवाय मागे फिरता येणार नाही. ती टूथपेस्टची अट आठवली ना?

कुरुळीत हा प्रश्न आला 2024 मध्ये. दादाचा सर्व्हर सेंटओएस 7 वर होता आणि त्याला अपडेट मिळणं 30 जूनला संपणार होतं. नव्या अल्मालिनक्स 9 वर दोन्ही बहिणी हजर. डिस्पॅचचं जुनं सॉफ्टवेअर मारियाडीबीवर चालणारं, तर पंचिंगच्या नव्या व्हर्जनला हवं मायएसक्यूएल 8. दोन्ही एकाच मशीनवर टाकायला गेलं की स्क्रीनवर 'कॉन्फ्लिक्ट'.

तुम्ही म्हणाल, पंचिंगचं काय एवढं? आपल्याला लेटमार्क लागतो, फार तर अर्धा दिवस जातो. पण इथे लातूर, बीड, नांदेडहून आलेली पोरं ठेकेदाराकडे कामाला असतात, एका खोलीत चार-पाच जण राहतात. 7 तारखेला हातात किती पडणार, ते ओव्हरटाइमच्या तासांवर ठरतं. तास गेले तर ते परत मागायला त्यांच्याकडे पुरावा कुठला? तोही त्याच कपाटात.

म्हणून दादाने गुरुवार धरला. आपला जसा रविवार, तसा या पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांचा सुट्टीचा दिवस गुरुवार. संपूर्ण डेटा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतला. मारियाडीबी थेट मशीनवर, मायएसक्यूएल वेगळ्या कंटेनरमध्ये. (नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो तो नव्हे, सॉफ्टवेअरचा बंद डबा!) मग प्रत्येक कामगाराचे तास जुन्या मशीनवर किती आणि नव्यावर किती, हे त्याने एचआरच्या मॅडमसोबत बसून ओळीने ताडून पाहिलं. मी चहा पुरवत होते. संध्याकाळी साडेसातला बेरीज जुळली.

गंमत म्हणजे सुरुवातीला या दोघींची सहज अदलाबदल व्हायची. आता जेसनपासून अकाउंट्सच्या पासवर्डपर्यंत बरंच वेगळं झालंय. त्यामुळे 'दोन्ही एकच आहे हो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या ऑफिसातही असं एखादं कपाट असेलच. आयटीवाल्याला एकदा विचारून बघा: आपल्याकडे नक्की कोण आहे, माय की मारिया? आणि शेवटचा बॅकअप कधी उघडून पाहिला होता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळेल. दुसऱ्याला तो जरा डोकं खाजवेल.